जर, तर आणि जरतारी

चाळिशी आली की माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला चष्मा लागतो, कुणाला गोळ्या लागतात, कुणाला एखाद्या बुवाचा नाद लागतो, आणि दैव अगदीच फिरलं असेल तर गच्चीवर वांगी लावायचं वेड लागतं. मला तर्कशास्त्र लागलं.

बँकेत कारकुनी करणाऱ्या बी.कॉम. माणसाला तर्कशास्त्राची गरज काय, असं तुम्ही विचाराल. आमच्या शाखेतल्या सगळ्यांनी विचारलंच. इतर मंडळी चाळिशीत प्रमोशनच्या परीक्षेला बसतात, पगारवाढ मिळवून देणाऱ्या परीक्षा देतात. हा गृहस्थ बी.ए.ला बाहेरून बसतोय आणि विषय घेतोय तर्कशास्त्र! आमच्या हेड कॅशियरने तर सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं हळूच विचारलं.

कारण अगदी साधं होतं. मला आयुष्यात एकदा तरी वादात जिंकायचं होतं. काउंटरवर ग्राहकाचंच खरं असतं, तशी पाटीच भिंतीवर लावलेली आहे. घरात सौ.चं खरं असतं, त्याला पाटीची गरज नाही. आईशी वाद घालावा तर दुसऱ्याच वाक्याला ती ‘मी तुला जन्म दिलाय’ म्हणते. या विधानाला आजपर्यंत जगातल्या कुठल्याही पंडिताला उत्तर सापडलेलं नाही. तेव्हा हरण्याचं नेमकं शास्त्र काय असतं ते तरी समजावं, म्हणून २०१८ च्या जूनमध्ये मी विद्यापीठाच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो.

खिडकीच्या आतला माणूस कसा वागतो हे खिडकीच्या बाहेरून पाहायची माझी ती पहिलीच वेळ. आतल्या गृहस्थाने मला तीनदा परत पाठवलं. एकदा फोटोची पार्श्वभूमी निळी होती म्हणून, एकदा अर्जावरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळत नव्हतं म्हणून, आणि एकदा जेवणाची सुट्टी झाली म्हणून. तिसऱ्या खेपेला मी जरा आवाज चढवला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘नियम मी केलेला नाही.’ मी गप्पच झालो. कारण हे वाक्य माझं होतं. गेली अठरा वर्षं दिवसातून निदान सहा वेळा मी ते वापरत होतो. ते ऐकायला इतकं वाईट लागतं याची मात्र मला कल्पना नव्हती.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून आणली, अर्थात जुनी. जुन्या पुस्तकाचा फायदा असा की महत्त्वाच्या ओळींखाली आधीच रेघा मारलेल्या असतात. तोटा असा की त्या नापास झालेल्या मुलानेही मारलेल्या असू शकतात.

पहिलं पान उघडलं आणि सॉक्रेटिस मेला. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे.’ दुसरं पुस्तक उघडलं, त्यातही मेला. बिचाऱ्याला अथेन्सकरांनी इ.स.पू. ३९९ मध्ये विष पाजून एकदाच मारलं. तर्कशास्त्राचे प्राध्यापक त्याला दरवर्षी जूनमध्ये नव्याने मारतात. पुढे युक्तिवादांची नावं होती. मध्ययुगातल्या युरोपी पंडितांनी पोरांना पाठ व्हावं म्हणून युक्तिवादांच्या एकेका प्रकाराला एकेक नाव देऊन ठेवलं आहे : बार्बारा, सेलारेंट, दारी, फेरिओ. त्यातल्या स्वरांवरून कुठलं विधान कुठल्या जातीचं ते ओळखायचं. ‘बार्बारा’मधले तीन ‘अ’ म्हणजे तिन्ही विधानं ‘सर्व’वाली, होकारार्थी. मी रात्री अकरा वाजता डोळे मिटून ‘बार्बारा, बार्बारा’ असं घोकत असताना सौ. पाण्याचा तांब्या घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. पुढचा अर्धा तास बार्बारा ही बाई नसून तीन विधानं आहेत हे मी सिद्ध करत होतो. सिद्ध झालं की नाही ते अजून कळलेलं नाही.

आई म्हणाली, ‘आधीच तर्कट, त्यात हे शिकतोय.’

वर्ग रविवारी भरत. पहिल्या दिवशी मी शिरलो आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्यावर तो हळूहळू खाली बसला. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. पहिले दोन रविवार त्या मला ‘सर’ म्हणत होत्या. तिसऱ्या रविवारी मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेव्हापासून ‘तुम्ही मागचे’ म्हणू लागल्या.

पण शिकवायच्या मात्र झकास. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं : ‘वैध म्हणजे सत्य नव्हे.’ आकारिक तर्कशास्त्राला विधानं खरी की खोटी याच्याशी कर्तव्य नसतं. पहिली दोन मान्य केली तर तिसरं मान्य करावंच लागतं की नाही, एवढंच ते पाहतं. ‘सर्व कारकून कवी असतात; मी कारकून आहे; म्हणून मी कवी आहे’ हा युक्तिवाद शंभर टक्के वैध आहे. फक्त माझ्या कविता परत करणाऱ्या संपादकांना तो ठाऊक नाही.

वर्गातल्या पोरांना हे पचायला जड गेलं. मला ताबडतोब समजलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच मला बी.कॉम. झाल्याचा अभिमान वाटला. कारण हीच गोष्ट आम्हांला अकाउंट्सच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यावर टाका, अख्खा व्यवहारच लिहायचा विसरा, किंवा एका चुकीने दुसरी चूक भरून काढा. तेरीज बिनबोभाट जुळते. दोन्ही बाजूंच्या बेरजा एकमेकींकडे पाहून गोड हसत असतात आणि मालक बुडत असतो. वैधता म्हणजे तेरीज. नोंदी खऱ्या आहेत का, ते ज्याचं त्याने वह्या उघडून पाहायचं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही चिन्हांशी आलो. विधानांच्या जागी पी आणि क्यू आले. ‘जर पी तर क्यू’ यातल्या जर-तरसाठी आडव्या पडलेल्या घोड्याच्या नालेसारखं एक चिन्ह असतं. आपण नाल दुकानाच्या दारावर ठोकतो, हे लोक दोन विधानांच्या मध्ये ठोकतात. मी बारावीला गणित टाळण्यासाठी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ हा विषय घेतला होता. इतकी वर्षं चुकवलेलं गणित नाल ठोकून पुन्हा माझ्यामागे धावत आलं.

या नालेचं एक सत्यता-कोष्टक असतं, चार ओळींचं. पी खरं आणि क्यू खरं, तर अख्खं विधान खरं. पी खरं आणि क्यू खोटं, तर विधान खोटं. इथपर्यंत ठीक. पण तिसऱ्या ओळीत पी खोटं, क्यू खरं, तरी विधान खरं! आणि चौथ्या ओळीत दोन्ही खोटी, तरीही विधान खरंच! माझी मान दुखायला लागली. म्हणून घरी येऊन मी ते सौ.ला समजावून सांगायला बसलो. आपल्याला न कळलेली गोष्ट बायकोला समजावून सांगण्यासारखा अभ्यासाचा दुसरा उत्तम मार्ग नाही.

‘समज, मी तुला वचन दिलं,’ मी म्हणालो, ‘की जर मला प्रमोशन मिळालं तर मी तुला पैठणी घेईन.’

‘हे तुम्ही २००९ साली दिलेलं आहे.’

‘तेच धर. आता ओळ पहिली : प्रमोशन मिळालं, पैठणी घेतली. वचन पाळलं. ओळ दुसरी : प्रमोशन मिळालं, पैठणी नाही घेतली. वचन मोडलं. ओळ चौथी : प्रमोशन नाही, पैठणीही नाही. वचन मोडलं का? नाही. म्हणजे मी तुला दिलेलं वचन गेली नऊ वर्षं अखंड पाळतो आहे.’

आयुष्यातला पहिला वाद मी जिंकत होतो. सौ.ने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘आणि तिसरी ओळ?’

‘तिसरी म्हणजे प्रमोशन नाही, पण पैठणी घेतली.’

‘मग वचन मोडतं का?’

‘नाही... तिथंही मोडत नाही.’

‘म्हणजे प्रमोशन झालं नाही तरी पैठणी घ्यायला तर्कशास्त्राची हरकत नाही.’

‘तशी नाही,’ मी म्हणालो, ‘पण...’

‘झालं तर मग,’ असं म्हणून ती भाजी घेऊन आत गेली. जे कळायला मला चार रविवार लागले ते तिला एका गवारीच्या जुडीत कळलं होतं. मलाही ते फक्त वहीत कळलं होतं, ही गोष्ट पुढच्या महिन्यात उघडकीला आली.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर म्हणजे बँकेत पेन्शनरांची वारी. आपण हयात आहोत हे दरवर्षी या महिन्यात पेन्शनराने बँकेला पटवून द्यायचं असतं. नाही पटवलं तर डिसेंबरपासून पेन्शन थांबतं. याला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने त्याचं संगणकी रूप आणलं आणि नाव दिलं ‘जीवन प्रमाण’. आधार क्रमांक टाकायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला की दाखला तयार. ना कागद, ना खाडाखोड.

‘प्रमाण’ हा शब्द वाचून तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला उचकी लागावी. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यात प्रत्यक्ष पहिलं. हत्ती समोर दिसत असताना शहाणा माणूस त्याच्या ओरडण्यावरून ‘इथं हत्ती असावा’ असं अनुमान करत बसत नाही, असंही जुन्या टीकाकारांनी म्हणून ठेवलं आहे. त्या टीकाकारांनी बँकेत नोकरी केली नव्हती.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला एक आजी काउंटरशी आल्या. नऊवारी, पाठीला बाक, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं पासबुक. यजमान रेल्वेत होते, त्यांच्या माघारी कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत होतं. आमची शाखा पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. मी पेन्शनच्या टेबलावर नवीन होतो. समोर अजून नऊ जण होते, आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा तर्कशास्त्राचा स्वाध्याय ड्रॉवरमध्ये अर्धवट पडला होता.

अंगठा ठेवला, जुळला नाही. दुसऱ्या हाताचा ठेवला, जुळला नाही. मी रुमाल ओला करून दिला. त्यांनी बोट पुसलं, पदराने कोरडं केलं, पुन्हा ठेवलं. नाही. पन्नास वर्षं राखेने भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटावर रेषा राहतात कुठे! पाचव्यांदा यंत्र लाल झालं, तेव्हा मागच्या रांगेत खाकरणं सुरू झालं.

‘सही करू का?’ आजींनी विचारलं.

‘सही नाही आजी, अंगठाच लागतो. अंगठा जुळला तर दाखला होतो. तुमचा जुळत नाही, म्हणजे दाखला होणार नाही. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने करून घ्या, मग या.’

‘पण मी तर ही काय आले आहे,’ आजी म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, आठवण करून द्यावी तसं.

‘तुम्ही आलात हो, पण मशिनला पटायला पाहिजे ना! नियम मी केलेला नाही.’

‘बरं बाळा,’ त्या म्हणाल्या आणि पासबुक पुन्हा पिशवीत गुंडाळून एकेक पायरी करत खाली गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, हे पुढे वाटलं. त्या वेळी वाटलं ते एवढंच, की चला, एक जण कमी झाला.

रात्री स्वाध्याय घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिसरा प्रश्न असा होता : ‘जर धूर असेल तर अग्नी असतो. येथे धूर नाही. म्हणून येथे अग्नी नाही. हा युक्तिवाद वैध आहे की अवैध ते सांगून, दोष असल्यास स्पष्ट करा.’ गुण पाच.

हे आपल्या घरचंच उदाहरण. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं अग्नी असणार, कारण जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून सगळ्या पोथ्यांत हा डोंगर धुमसतो आहे. पण जिथं अग्नी तिथं धूर असेलच असं मात्र नाही. त्यासाठी जुन्या मंडळींनी लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला दिला आहे : आग आहे, धूर नाही. मला गोळ्याची गरजही नव्हती. समोर गॅसवर चहाचं आधण होतं, खाली निळी ज्योत, धुराचं नाव नाही. मी झोकात लिहिलं, ‘अवैध. यात पूर्वांग नाकारून उत्तरांग नाकारले आहे. जर-तर विधानात पूर्वांग खोटे असूनही उत्तरांग खरे असू शकते. पाहा, सत्यता-कोष्टक, ओळ तिसरी.’

‘तिसरी’ या शब्दावर पेन थांबलं.

अंगठा जुळला तर दाखला होतो. अंगठा जुळत नाही. म्हणून दाखला होत नाही. मी उत्तराकडे पाहिलं, मग गॅसकडे पाहिलं. पाच गुणांचा प्रश्न रात्री दहा वाजता मी अचूक सोडवला होता आणि दुपारी साडेतीनला तोच प्रश्न हातात पासबुक घेऊन समोर उभा असताना चुकवला होता. कारण अंगठ्याशिवायही दाखला होतो. कागदी फॉर्म असतो. पेन्शनराने समोर येऊन सही करायची, बँकेच्या ऑफिसरने पाहून सही-शिक्का मारायचा, संपलं. जुनी पद्धत कुणी बंद केलेली नव्हती.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावरच होता. मी चहाचा कप त्याच्यावर ठेवत असे.

मग मी असं का केलं? आजींवर माझा काही राग नव्हता. फॉर्म भरायचा तर दहा मिनिटं गेली असती, ऑफिसरच्या टेबलाशी उठून जावं लागलं असतं, रांग खाकरली असती. ‘दाखला होणार नाही’ हा निष्कर्ष मला हवा होता, आणि तो मिळवून देणारा युक्तिवाद आपोआप जुळून आला. तर्कदोष विसरभोळेपणाने होतात, अशी माझी समजूत होती. पण मी आठवून पाहिलं. पगारातून दहा रुपये जास्त कापले गेले, तेव्हा माझा विचार कधी चुकला आहे का? ‘पावती नाही म्हणून वैद्यकीय बिल नाही’ असं बँकेने म्हटलं, तेव्हा पावतीला पर्याय काय ते शोधायला मी सर्क्युलरच्या फायली पालथ्या घातल्या आहेत. स्वतःचं नुकसान होत असताना मी ॲरिस्टॉटल असतो. दुसऱ्याचं होत असलं की मला तिसरी ओळ दिसत नाही.

रविवारी तास संपल्यावर मी मॅडमना विचारलं, ‘चुकीचा विचार करणं ही नुसती चूक की पाप?’

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तर्कशास्त्र फक्त “अवैध” म्हणतं. “वाईट” म्हणायचं असेल तर पुढच्या वर्षी नीतिशास्त्र घ्या.’

पण त्यांनी एक निबंध वाचायला सांगितला. विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली लिहिलेला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, डागडुजी करायला हवी, असं त्याला आतून वाटत असतं. पण खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरींतून हे सुखरूप परत आलं, तर आताही येईल. समजूत इतकी पक्की होते की अगदी शांत मनाने तो जहाजाला निरोप देतो. जहाज माणसांसकट भर समुद्रात बुडतं, आणि हा विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, तो प्रामाणिकपणे तसं मानत होता ही सबब चालणार नाही, कारण तसं मानायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे तर तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही मालक तेवढाच दोषी! मला हे कठोर वाटलं. माणूस आहे, चुकायचाच; तोंडी बेरजेत हातचा राहतो त्याला काय पाप म्हणायचं? पण विचार करता करता फरक लक्षात आला. हातचा राहिल्याची चूक कधी माझ्या बाजूने होते, कधी ग्राहकाच्या. जी चूक दरवेळी एकाच बाजूला झुकते, तिला कॅशमध्येही आम्ही चूक म्हणत नाही. तिला दुसरा शब्द आहे.

सोमवारी मी फॉर्म घेतला आणि आमच्या ऑफिसर मॅडमकडे गेलो. सही त्यांची हवी होती आणि ती पेन्शनरला पाहूनच करायची असते. मी त्यांना पूर्वांग, उत्तरांग आणि नाल समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘तुम्हांला बरं नाही का?’ मग मी म्हणालो, ‘मॅडम, जवळच राहतात, मधल्या सुट्टीत जाऊन येऊ, परतताना चहा पाजतो.’ त्या लगेच उठल्या. पाच महिन्यांच्या तर्कशास्त्राने जे झालं नाही ते अर्ध्या कप चहाने झालं.

आजी घरी नव्हत्या. शेजारणीने सांगितलं, सकाळी नऊलाच आधार केंद्रावर गेल्या. गेलो. तिथल्या बाकावर टोकन हातात धरून त्या बसल्या होत्या. मला पाहून गडबडीने उठायला लागल्या. ‘अजून काही कागद राहिला का रे बाळा?’ म्हणाल्या. रागवायच्या ऐवजी त्यांना वाटलं की चूक त्यांचीच झाली.

‘राहिला होता,’ मी म्हणालो, ‘पण माझ्याकडून.’

फॉर्म पुढे केला आणि सवयीने शाईचा पॅडही. आजींनी पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘सही चालेल ना इथं?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि वळणदार, टपोऱ्या अक्षरांत, वडिलांनी गिरवून घेतल्यासारखी पूर्ण नावाची सही केली. ‘जुन्या सातवीपर्यंत शिकलेय मी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशी तुम्ही अंगठाच, अंगठाच म्हणालात, म्हणून म्हटलं नवीन नियम असेल.’

शिकायला मी रविवारी विद्यापीठात जात होतो. पण त्या वेळी, त्या बाकाशी, न लिहिलेलं आधारविधान म्हणजे काय ते मला कळलं. नऊवारी, पाठीला बाक, म्हणून अंगठा. हे विधान मी कुठेही मांडलं नव्हतं, कुणी मान्य केलं नव्हतं, आणि तरी शाईचा पॅड मी बरोबर नेला होता.

त्यानंतर पुष्कळ सोयी झाल्या. ऐंशी ओलांडलेल्यांना २०१९ पासून ऑक्टोबरातच दाखला देता येतो. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा ओळखूनही दाखला होतो, बोटावर रेषा नसल्या तरी अडत नाही. चांगलं झालं. पण यंत्र कुठलंही आलं तरी ते ‘जर’ची बाजू सांभाळतं. ‘नाहीतर काय?’ हा प्रश्न खिडकीमागच्या माणसालाच स्वतःला विचारावा लागतो. मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे : ‘ओळ तिसरी.’ लोकांना वाटतं ती रांगेची सूचना आहे. काही जण नम्रपणे तिसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात.

परीक्षेत मला शंभरपैकी त्रेपन्न गुण मिळाले. प्रमोशन मिळालं नाही, त्या परीक्षेला मी बसलोच नव्हतो. वादात अजूनही हरतोच. उलट जास्तच हरतो, कारण समोरच्याचं बरोबर असलं तर आता ते आधी माझ्याच लक्षात येतं.

निकालाच्या आठवड्यात मी एक खोकं घेऊन घरी आलो. अस्सल येवल्याची घेण्याची ऐपत नव्हती, सेमी होती. पण काठ जरतारी होते, पदरावर मोरही होते.

‘प्रमोशन झालं?’ सौ.ने विचारलं.

‘नाही.’

‘मग हे?’

‘तिसरी ओळ,’ मी म्हणालो.

तिने घडी उलगडली, पदर दिव्याखाली धरला, मोर मोजले, आणि पुन्हा घडी घालत म्हणाली, ‘छान आहे. म्हणजे २००९ चं वचन अजून शाबूत आहे. प्रमोशन झालं की अस्सल.’

वास्तविक उत्तरांग एकदा खरं झाल्यावर वचन पहिल्या किंवा तिसऱ्या ओळीत पुरं होतं, आणि पुढे काहीही देणं उरत नाही. हा युक्तिवाद माझ्यापाशी तयार होता. पूर्णपणे वैधही होता. पण तो नेमका माझ्याच सोयीच्या बाजूला झुकत होता, म्हणून मी तो पुन्हा एकदा तपासायला घेतला. अजून तपासतोच आहे.